जुन्या किल्ल्या

शाजीने काउंटरवर ठेवला तेव्हा
पारदर्शक डबीत तो एवढासा होता,
खारी बिस्किटापेक्षाही लहान.
"बावीस रियाल. वापरलेला आहे, पण चांगल्या घरचा,"
स्थळ सांगावं तसं सांगितलं त्याने.
"बसवायला कोण येणार चेची? साहेब तर मर्मूलला."
मीच, म्हटलं.
त्याने पेस्टची ट्यूब फुकट दिली
आणि दारापर्यंत सोडायला आला.

शुक्रवार. रुवीच्या गल्लीत दुपारची सामसूम,
समोरचा डोंगर भाजल्या विटेच्या रंगाचा,
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.
जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली,
कॅबिनेट आडवं निजवलं.
आत सात वर्षांची धूळ, मैद्यासारखी बारीक,
खिडक्या बंद ठेवूनही आलेली.
ह्याच्यावर मी तीन दुकानांचे हिशोब लिहिते,
वादी कबीरचं टायरचं, दोन शिंप्यांची,
आणि व्हॅट आल्यापासून
फाईल उघडेपर्यंत चहाला दोन उकळ्या येतात.

अच्युतने काल फोनवर बजावलं होतं:
आधी अर्धा तास चालव, तापू दे,
वाळलेली पेस्ट सैल पडते.
मग बंद कर, लोखंडाला हात लाव,
अंगातली वीज उतरू दे.
पंखा ओढू नकोस. पिळ. हळूच, इकडे, तिकडे.
रिगवरचा माणूस,
तेलाच्या विहिरीबद्दलही ह्याच आवाजात बोलतो.

सगळं केलं. तापवलं, हात लावला, पिळलं.
तरी जुना मुळासकट आला,
पंख्याच्या बुडाला चिकटून,
कुलूप तसंच, आणि दार हातात.
चार पिना वाकलेल्या.
आई गं, म्हणाले मोठ्याने.
ऐकायला कुणी नव्हतं, हे एक बरं.

नवा मात्र शहाण्यासारखा बसला.
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खालच्या त्रिकोणावर,
दाबायचं नाही, नुसतं सोडायचं,
आपल्याच वजनाने उतरतो तो.
दांडी खाली. वाटाण्याएवढी पेस्ट.
स्क्रू कोपऱ्याआड कोपरा, थोडे थोडे.

बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळा.
एक मिनिट. दीड.
काचेत मीच दिसत होते,
कपाळावर कुंकवाच्या जागी राखाडी पेस्टचा ठिपका.
बावीस रियाल, टायरवाल्याची महिनाअखेर,
अच्युतला काय सांगायचं,
सगळं मोजून झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग पांढरी अक्षरं आली, इंग्रजीत, घाई नसलेली.
नवा प्रोसेसर दिसतो आहे.
जुन्या किल्ल्या पुसून टाकायच्या? वाय दाबा.
राहू द्यायच्या? एन दाबा.
खाली आणखी एक ओळ:
जुना पुन्हा बसवलात
तर त्याच्या किल्ल्या परत मिळतील.

मिरजेच्या ब्लॉकची किल्ली
एकोणीस वर्षं माझ्या पर्समध्ये आहे.
ते कुलूप दिरांनी केव्हाच बदललं,
कळलं ते लग्नाच्या पत्रिकेसोबत, सहज, बोलता बोलता.
मला कुणी वाय की एन विचारलं नव्हतं.

मी एन दाबला.

आठ वाजता मर्मूलच्या कॅन्टीनच्या पायरीवरून फोन.
"झालं?"
झालं. फाईल चटकन उघडते, चहा करायलाही वेळ नाही.
"जुना सरळ निघाला?"
हो, म्हटलं.
मागे कुणीतरी बंगालीत हसत होतं, वारा होता.

आता साडेदहा.
टेबललॅम्प खाली ओढलाय, चष्म्यावर चष्मा,
नऊ नंबरची सुई,
आणि तळहातावर जुना, पिना वर करून.
ह्याचं आता काही काम नाही.
पहिली सरळ झाली. दुसरी.
तिसरीला श्वास धरावा लागला.
चौथी अजून जराशी कलती आहे.
तुटेल म्हणून ठेवलीय उद्यावर.